हरणांनी मूग खाल्ला, म्हणून विहिरीवरून तार ओढू नका

प्रश्न : मी येवला तालुक्याच्या पूर्व पट्ट्यातला शेतकरी. ममदापूरचं जंगल आमच्या शिवारापासून जवळच. जमीन वडिलोपार्जित, विहीर चुलतभावासोबत सामाईक. यंदा मूग दोनदा पेरला. दोन्ही वेळा चांगला उगवला आणि आठ-दहा दिवसांत हरणांच्या कळपानं साफ केला. मकाही वरून खाल्ला आहे, तो मोडून कपाशी लावावी असं चाललंय. मागं एकदा वनखात्याकडे अर्ज केला होता, त्याचं पुढं काय झालं ते कळलंच नाही. आता चुलतभाऊ म्हणतो, विहिरीच्या स्टार्टरवरून तार ओढू आणि रात्री बांधावर करंट सोडू. एक-दोन पडले की बाकीचे फिरकणार नाहीत. मला पटत नाही, पण नाही म्हटलं तर घरात तेढ येईल. वीज कनेक्शन माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या नावावर आहे. वडिलांचं वेगळंच, ते उन्हाळ्यात हरणांसाठी बांधावर पाण्याची टाकी भरून ठेवतात. ते पुण्य आम्हालाच भोवतंय का? काय करावं?

उत्तर : भाऊ, कनेक्शन वडिलांच्या नावावर आहे हे तुम्ही पत्रात ओघात लिहून गेलात. माझी नजर तिथंच अडकली. उद्या त्या तारेला हरीण चिकटलं काय किंवा माणूस चिकटला काय, महावितरणचा माणूस आणि पोलीस आधी मीटर कुणाचं ते बघतील. तार चुलतभावानं ओढली, बटण त्यानं दाबलं, हे सिद्ध करत बसायची पाळी तुमच्या वडिलांवर येईल. म्हणून मूग-मक्याचं नंतर बोलू, आधी या तारेचं.

रात्री बांधावरून कोण जातं, ते आठवून बघा. शेतीची लाईट रात्रपाळीला असली की मोटार चालू करायला निघालेला शेजारी. वाट चुकलेल्या मेंढरामागं आलेला धनगर. परसाकडला निघालेलं सालगड्याचं पोर. पावसाळ्यात जमीन ओली, पाय ओले, आणि अंधारात तार दिसत नाही. स्टार्टरवरून सोडलेला प्रवाह धरला की सोडत नाही. महाराष्ट्रात रानडुकरासाठी लावलेल्या अशा तारांनी माणसं गेल्याच्या बातम्या येतच असतात, आणि कित्येकदा मेलेला माणूस त्याच घरातला किंवा त्याच बांधाचा असतो. असं झालं तर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागतो. वीजचोरीचं प्रकरण वेगळं.

माणूस वाचला आणि हरीण मेलं तरी सुटका नाही. तुमच्याकडची हरणं म्हणजे काळवीट, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, वाघ-बिबट्याच्या रांगेत. शिक्षा किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद. कायद्यातली दुरुस्ती एप्रिल २०२३पासून लागू झाली, तेव्हापासून दंडही किमान २५ हजार. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) पिकाचा फारच नाश करत असतील तर वनखात्याकडं परवानगी मागायची एक वाट तरी आहे. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याला पीक खाल्लं या कारणावरून मारायची परवानगी कुणालाच देता येत नाही. कुत्री सोडून कळप हुसकावणं, फास लावणं, हेही कायद्याच्या व्याख्येत शिकारीतच मोडतं. मासेमारीच्या जुन्या जाळ्या बांधावर लावणारेही आहेत. नराची शिंगं त्यात गुरफटली की तो तडफडून मरतो आणि गुन्हा जाळं लावणाऱ्यावर. तेही नको.

आणि चुलतभावाचा हिशेबच मुळात चुकतो. मेलेलं हरीण काही शिकत नाही. झटका बसून जिवंत पळालेलं हरीण शिकतं, आणि त्याच्यामागं पळणारा कळपही शिकतो. ज्याला बाजारात झटका मशीन म्हणतात ते याच तत्त्वावर चालतं. त्याच्याकडं पुढं येतो.

आता शेतात जा. मका मोडायचा विचार तूर्त बाजूला ठेवा. मक्याला पाच-सहा पानं येईपर्यंत, म्हणजे साधारण पहिले तीन आठवडे, त्याचा वाढीचा कोंब जमिनीच्या खालीच असतो. हरणानं वरची पानं ओरबाडली तरी कोंब शाबूत असला तर मका पुन्हा फुटतो. चार-पाच ठिकाणची रोपं मुळासकट उपटा आणि खोड उभं चिरून बघा. आत कोंब पांढरा, टणक असेल तर मोडू नका. तपकिरी, मऊ पडला असेल तर ते रोप गेलं. दहांतली सात-आठ रोपं धड निघाली तर कपाशीचा विचारच सोडा. कपाशीची दोन दळं, म्हणजे दाण्यातली पहिली जाड पानं, जमिनीवर येतात आणि हरणाला ती मक्याइतकीच गोड लागतात. त्यात उशिराची कोरडवाहू कपाशी म्हणजे पुढं बोंडअळीला आमंत्रण.

मुगाचं मात्र वाईट आहे. मूग उगवताना दाणा फुटून दळं वर घेऊन येतो. हरणानं दळांच्या खाली तोडला तर मागं फुटायला काही उरत नाही. दळं राहिली असतील तर बगलेतून फुटवा निघू शकतो, पण दोनदा खाल्लेल्या रानात अशी रोपं विखुरलेलीच असणार. तिसऱ्यांदा मूग पेरू नका. वेळ निघून गेली की तो शेंगांवर येईपर्यंत ओल संपते. त्या तुकड्यात बाजरी टाका, जुलैअखेरपर्यंत चालते. तिचाही कोंब सुरुवातीला खाली असतो, त्यामुळं एकदा चरली तरी सावरते. नंतर कणसावर पाखरं येतील, ती कटकट वेगळी. रब्बीत हरभरा घेत असाल तर त्याचा दाणा मातीतच राहतो, म्हणून कोवळेपणी शेंडा गेला तरी खालून फुटतो. तुरीचंही तसंच. जंगलाच्या कडेच्या तुकड्यात मुगापेक्षा तूर शहाणपणाची, ती याच कारणानं.

हे सगळं सांगतोय, कारण हरणांचा खरा त्रास वर्षभर नसतो, काही आठवड्यांचाच असतो. काळवीट हा उघड्या माळावरचा प्राणी. चौफेर दिसेल अशी जागा आणि आखूड गवत त्याला लागतं. उंच, दाट पिकात शिरायला तो बिचकतो. ममदापूर, राजापूर, देवदरी, खरवंडी, सोमठाण जोश या भागातलं साडेचोपन्न चौरस किलोमीटरच्या आसपासचं क्षेत्र काळविटांसाठी राखीव आहे. पण त्या माळांवर पहिल्या पावसाच्या वेळी गवत उघडं-बोडकं असतं, कुसळाच्या जुन्या काड्या तेवढ्या उभ्या. नेमकं तेव्हाच तुमच्या नांगरलेल्या, खत घातलेल्या रानात लुसलुशीत कोंब वर येतात. तिकडं वाळलेल्या काड्या, इकडं ताटात वाढलेलं. जनावर काय करणार? पुढं गवत गुडघ्याला लागलं आणि पीक कमरेला आलं की कळप हळूहळू माळाकडं वळतो. रब्बीत हरभरा-गहू उगवताना तोच प्रकार, तेव्हा गवत वाळायला लागलेलं असतं. कांद्याच्या रोपवाटिकेत खाण्यापेक्षा तुडवणंच जास्त होतं.

तेव्हा राखण करायची ती पेरणीनंतर कोंब दिसल्यापासून तीन आठवडे, मन लावून. आणि रात्रभर जागत बसू नका. रानडुक्कर रात्री येतं, काळवीट मुख्यतः दिवसा चरतं. पहाटे उजाडताना आणि दिवस कलताना जोर असतो. ज्यांच्याकडं माणसं रात्री जागून दमतात आणि उजाडल्यावर चहाला घरी येतात, त्यांचं रान त्या चहाच्या वेळात साफ होतं.

जुन्या साड्यांचं कुंपण तुमच्याकडं सर्रास दिसतं. लोक हसतात त्याला, मी हसत नाही. वाऱ्यावर हलणारी, रंगीत, आरपार न दिसणारी वस्तू काळविटाला खटकते. पण त्याची सवय दोन आठवड्यांत होते. म्हणून साड्या पेरणीच्या दिवशी लावू नका, कोंब दिसायला लागले की लावा, आठवड्यानं जागा बदला आणि पीक वर आलं की काढून घरी आणा. वर्षभर बांधावर लोंबणाऱ्या साडीला हरीण काय, शेळीही भीत नाही. चमकणाऱ्या पट्टीचं गणितही हेच. बांधावर फोरेट या कीटकनाशकाच्या पुड्या टांगायचा सल्ला कुणी दिला तर नको म्हणा. ते जहाल विष आहे, डिसेंबर २०२०च्या अखेरीपासून देशात त्याच्या वापरावरच बंदी आहे, आणि तुमच्या विहिरीचं पाणी त्याच उताराला आहे.

रब्बीत जुन्या माणसांची एक पद्धत पुन्हा सुरू करा. हरभऱ्याच्या किंवा गव्हाच्या भोवती करडईच्या चार-सहा ओळी. करडई मोठी झाली की काटे येतात, जनावर तोंड घालत नाही, आणि वर तेलाची सोय होते. मात्र करडई कोवळी असताना तिलाही खातात, त्यामुळं तिचा उपयोग पीक घाटे-ओंबीला आल्यावरचा. पक्कं कुंपण हवं तर बांधावर घायपात, सागरगोटा किंवा करवंद लावा. दोन-तीन वर्षं जातील, पण एकदा वाढलं की खर्च नाही.

आता झटका मशीन. बॅटरी बारा व्होल्टची, वर छोटं सोलर पॅनेल. मशीन तारेत सेकंदाला साधारण एक ठोका सोडतं. व्होल्ट हजारांत असतात, पण ठोका सेकंदाच्या हजारव्या भागापेक्षाही कमी वेळाचा, म्हणून धरून ठेवत नाही, फेकून देतो. स्टार्टरच्या तारेत आणि यात फरक आहे तो इथं. घेताना दुकानदाराला एकच गोष्ट बजावून विचारा, हे थेट मेनलाईनवर चालतं का? ‘दोन्हीवर चालतं’ म्हणाला तर त्या दुकानातून बाहेर पडा.

लावताना लोकांची गफलत होते ती खालच्या तारेत. काळवीट उड्या मारतो म्हणून सगळे वर उंच तारा बांधतात. उडी तो मारतोच, पण कुंपण दिसलं की बहुतेक वेळा आधी खालून किंवा मधून घुसायला बघतो, पिल्लं तर खालूनच. सगळ्यात खालची तार दीड वितीवर हवी. मग तिला गवत टेकू द्यायचं नाही. गवत टेकलं की ठोका जमिनीत मुरतो आणि वरच्या तारेत जोर राहत नाही. अर्थिंगचा रॉड ओल्या जागी खोल ठोका. बांधाखाली मुरूम असेल तर उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत जा. कुंपणावर पिवळ्या पाट्या लावा, शेजाऱ्यांना तोंडानं सांगा. आणि एकट्याच्या तुकड्याला गुंडाळू नका. तुम्ही कुंपण घातलं की कळप शेजारच्या मुगात जाणार आणि पुढच्या वर्षी शेजारीही स्टार्टरकडं बघणार. जंगलाच्या अंगाला लागून असलेल्या चार-पाच खातेदारांनी मिळून एकच सलग रेघ धरली तर तार कमी लागते, मशीन एक पुरतं, देखभाल वाटून होते. फक्त हरणांची रोजची पाण्याची वाट बंद करू नका. ती अडवली की ती कुठूनतरी तोडणारच.

डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला ७५ टक्के अनुदान आहे. त्यासाठी गाव वनखात्याच्या संवेदनशील गावांच्या यादीत असावं लागतं. येवल्याच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन दोन प्रश्न विचारा : आमचं गाव यादीत आहे का, आणि नसेल तर ग्रामसभेचा कोणता ठराव लागेल? ग्रामसभेत या विषयाला बसलेली माणसं मोजकी असतात, पण ठराव झाला की कागद बोलतो.

भरपाईच्या अर्जाबद्दल. तुमचा मागचा अर्ज कुठं अडकला असेल याचा अंदाज मला पत्रावरूनच येतो. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत कळवावं लागतं. शेतकरी आठ दिवस वाट बघतो, पोळला की जातो आणि तिथं ऐकतो, उशीर झाला. दुसरं, जमीन सामाईक खात्यात असेल तर बाकी खातेदारांचं संमतीपत्र नसलं की फाईल टेबलावर पडून राहते आणि तसं कुणी तुम्हाला सांगत नाही. तिसरं, ई-पीक पाहणी केलेली नसेल तर सातबाऱ्यावर मूगच नाही. मग हरणानं खाल्लं काय? वनजमिनीवरच्या अतिक्रमणातल्या पिकाला मदत नाही, तो प्रश्न तुमचा नाही असं धरतो.

पंचनामा वनखातं, महसूल किंवा ग्रामपंचायत आणि कृषी खातं, अशा तिघांच्या माणसांनी मिळून करायचा असतो. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांची पदनावं अलीकडं बदलली, फिरायचं त्याच तीन दारांना. ते येईपर्यंत रान नांगरू नका. बाजरी पेरायची घाई असेल तर एक पट्टा तसाच ठेवा. खुरांचे ठसे आणि लेंड्यांचे फोटो उजाडल्या-उजाडल्या काढा, पाऊस पडला की ठसे जातात. एक खूण लक्षात ठेवा, पंचनाम्यात कामी येते. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, ते पान ओढून तोडतं, म्हणून तुटलेली कड फाटकी, दोरे निघालेली दिसते. ससा मात्र कात्रीनं कापल्यासारखा तिरपा, स्वच्छ काप देतो. भरपाईच्या यादीत हरीण आहे, ससा नाही. ‘ससाच असेल’ म्हणून कुणी बोळवण करू लागलं तर ते पान पुढं धरा. लेखी अर्जाची पोच घ्या. पोच मिळत नसेल तर ‘हॅलो फॉरेस्ट’च्या १९२६ या नंबरवर नोंद करा.

मिळणारी रक्कम टप्प्यांनी ठरते. लहान नुकसानाला जवळजवळ पूर्ण, मोठ्याला त्याचा काही हिस्सा, आणि वर कमाल मर्यादा. दोन पेरण्यांचं बी, मजुरी आणि गेलेला हंगाम त्यातून भरून निघणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. तरी प्रत्येक वेळी अर्ज करा, शेजाऱ्यांनाही करायला लावा. एका गावातून एका खरिपात साठ अर्ज गेले तर संवेदनशील गावांच्या यादीत नाव घालताना वनखात्याला ते दिसतात. बांधावर बसून घातलेल्या शिव्या दिसत नाहीत. शिवाय २०२६च्या खरिपापासून पंतप्रधान पीकविमा योजनेत वन्यप्राण्यांनी केलेलं नुकसान जादा संरक्षण म्हणून घेतलं जाईल असं केंद्रानं जाहीर केलं आहे. त्यात ७२ तासांत अॅपवरून फोटोसह कळवायचं आहे. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे, हे राज्यानं ठरवायचंय. विमा भरायच्या आधी नाशिक जिल्ह्यात काळविटाचं नाव आलं का, ते तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या.

राहिला चुलतभाऊ. तुम्ही त्याला वाईट ठरवू नका, त्याचाही मूग गेलाय. त्याला कायदा सांगायला बसलात तर तो म्हणेल, कायदा काय पेरणीचे पैसे देतो का? आणि त्या प्रश्नाला तुमच्याकडं उत्तर नसेल. त्यापेक्षा रिकाम्या हातानं जाऊ नका. झटका मशीनचा आणि तारेचा भाव आधी काढा, मग सांगा : अर्धे माझे, अर्धे तुझे, जंगलाच्या अंगाची रेघ आपण दोघं मिळून या आठवड्यात ओढू, पण विहिरीवरून तार नाही, कनेक्शन आण्णांच्या नावावर आहे आणि त्यांना या वयात मी कोर्टात उभं करणार नाही. एवढंच बोला, लांबवू नका. शक्य तर त्याच्या घरी बोला, वहिनी समोर असताना. रात्री मोटार चालू करायला त्यांचाच पोरगा जातो ना? बाकी सांगायची गरज पडणार नाही.

तरीही त्यानं तार ओढली तर? तर त्याच रात्री स्टार्टरची पेटी कुलूप लावून बंद करा, आणि नाही जमलं तर महावितरणला कळवा. हो, भावाविरुद्ध. तेढ येईल, कदाचित एक दिवाळी एकमेकांकडं जाणं होणार नाही. बांधावर माणूस मेला तर जी तेढ येईल, ती पुढच्या पिढीलाही निस्तरत नाही.

वडिलांच्या टाकीबद्दल विचारलंत. पाणी ठेवणं चूक नाही, जागा चुकली. उन्हाळाभर रोज संध्याकाळी कळप तुमच्या बांधावर येतो, म्हणजे जूनमध्ये त्याला वाट शोधावी लागत नाही. तेच पाणी रानापासून लांब, जंगलाच्या आत वनखात्याच्या पाणवठ्यात पडायला हवं. उन्हाळ्यात ते पाणवठे टँकरनं भरावे लागतात, त्यामुळं एखादी खेप मदत करायला तयार असलेल्या माणसाला वनरक्षक नाही म्हणणार नाही. आण्णांना टाकी बंद करा म्हणू नका. मार्च लागला की बैलगाडी किंवा ट्रॅक्टर घेऊन त्यांच्यासोबत जा आणि वनरक्षकाला विचारून कोणत्या पाणवठ्यात ओतायचं ते ठरवा. आणि तुमच्या विहिरीला कठडा नसेल तर तो त्याआधी बांधून घ्या. उन्हाळ्यात पाण्याच्या वासानं आलेली हरणं अशाच विहिरींत पडतात.